आरव्हीने अमेरिका ओलांडताना : वाचकांचे प्रश्न

स्वयंपाकघर, बिछाने आणि स्वच्छतागृह असलेल्या मोटारीतून, म्हणजे आरव्हीतून, अमेरिका ओलांडण्याविषयी या महिन्यात बरीच पत्रे आली. काही अमेरिकेतच स्थायिक झालेल्या वाचकांची आहेत, तर काही उन्हाळ्यात मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांची. बहुतेकांच्या मनात वाट एकच आहे : बॉस्टनपासून सिअ‍ॅटलपर्यंत जाणारा नव्वद क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग. या वाटेने मी दोनदा गेले आहे, एकदा घाईने आणि एकदा सावकाश. त्यामुळे पुढील उत्तरांत माझा कल कोणत्या बाजूला आहे, हे लपून राहणार नाही.

प्रश्न : आमचा मुलगा बॉस्टनला आणि मुलगी सिअ‍ॅटलला असते. मुलाने दोन आठवड्यांची रजा काढून आम्हा दोघांना, सुनेला आणि दोन नातवंडांना घेऊन आरव्हीने मुलीकडे जाण्याचा बेत आखला आहे. आमची वये त्रेसष्ट आणि साठ आहेत. हा बेत आम्हाला झेपेल काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या वयाची मला काळजी वाटत नाही, काळजी वाटते ती दोन आठवड्यांची. बॉस्टन ते सिअ‍ॅटल हे अंतर या महामार्गाने सुमारे ३,०२० मैल, म्हणजे ४,८६० किलोमीटर आहे. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, त्याच्या जवळजवळ सातपट. शिवाय पाहण्यासारख्या जागा थेट महामार्गावर नसतात, त्यामुळे वाकड्या वाटांचे चारशे मैल तरी त्यात धरावेच लागतात. आरव्ही साध्या मोटारीच्या वेगाने चालवता येत नाही. दक्षिण डकोटा आणि मोंटाना या राज्यांत ताशी ८० मैलांची मुभा असली, तरी उंच, जड आणि वाऱ्याने डुलणारी गाडी साठ-पासष्टच्या पुढे नेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. इंधन, जेवण आणि लहान मुलांचे थांबे धरले, तर दिवसाला अडीचशे मैल, म्हणजे चारशे किलोमीटर, ही आरामाची मर्यादा समजावी आणि दुपारी चारच्या सुमारास मुक्कामावर पोहोचावे. कारण अनोळखी तळावर, म्हणजे आरव्ही लावून मुक्काम करण्याच्या जागी, अंधारात गाडी मागे घेणे हा नवख्या माणसाचा कस पाहणारा प्रकार असतो.

आता हिशेब आपणच करून पाहावा. ३,४०० मैलांना अडीचशेने भागले की चौदा दिवस होतात, म्हणजे आपली सारी रजा चाकांवरच संपते. माझी पहिली सफर नेमकी अशीच झाली. घरी परतल्यावर आठवत होते ते फक्त पेट्रोल पंप. त्याऐवजी आपण सर्वांनी विमानाने शिकागोला जावे आणि आरव्ही तेथे घ्यावी. शिकागो ते सिअ‍ॅटल हे अंतर सुमारे २,०६० मैल आहे. वाकड्या वाटा धरून २,४०० झाले तरी दहा दिवस चालवण्याचे आणि चार पूर्ण दिवस गाडी जागेवरून न हलवण्याचे मिळतात. हे चार दिवस मी बॅडलँड्स आणि यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानांत वाटून घेईन. पश्चिमेकडे जाताना घड्याळही आपल्या बाजूने असते : शिकागोपासून सिअ‍ॅटलपर्यंत दोनदा ते एकेक तास मागे घ्यावे लागते, एकदा दक्षिण डकोटाच्या पश्चिम भागात आणि दुसऱ्यांदा मोंटाना सोडून आयडाहोत शिरताना. ज्या दिवशी हद्द ओलांडाल, तो दिवस पंचवीस तासांचा असतो.

एक गोष्ट मात्र आजी-आजोबांनीच लक्षात ठेवायची आहे. गाडी चालू असताना कोणी उठून चहा ठेवायचा नाही, नातवाला मागच्या बिछान्यावर झोपवायचे नाही. सर्वांनी पट्टा लावून आसनावरच बसायचे. घर वाटले तरी ते रस्त्यावरून धावणारे वाहन आहे, आणि ब्रेक लागला की ओट्यावरचे भांडे आधी पुढे येते.

प्रश्न : आम्ही चार मोठी माणसे आणि दोन मुले आहोत. भाड्याच्या गाड्यांत ए, बी, सी असे वर्ग दिसतात. कोणता घ्यावा? हॉटेलपेक्षा हे स्वस्त पडते का?
— एक वाचिका, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : ए वर्ग म्हणजे सपाट तोंडाची, बसएवढी गाडी, पहिल्या प्रवासासाठी ती नको. बी वर्ग म्हणजे आतून सजवलेली व्हॅन, जी दोघांना पुरते. आपल्याला सी वर्ग योग्य ठरेल, ज्यात चालकाच्या डोक्यावर पुढे आलेला एक बिछाना असतो आणि मुले पहिल्याच मिनिटाला त्यावर हक्क सांगतात. सुमारे पंचवीस फुटांची गाडी पाहावी; ती टेम्पो ट्रॅव्हलरहून थोडी लांब आणि बरीच उंच असते. जाहिरातीत ‘सहा जण झोपू शकतात’ असे लिहिलेले असते, परंतु पट्टा असलेली आसने किती आहेत, हे वेगळे विचारावे, कारण हे दोन आकडे नेहमी सारखे नसतात.

ती स्वस्त मात्र पडत नाही. अशी गाडी एका गॅलनमध्ये आठ ते दहा मैल जाते, म्हणजे लिटरला जेमतेम चार किलोमीटर. २,४०० मैलांना अडीचशे-तीनशे गॅलन इंधन लागेल. त्यावर रोजचे भाडे, ठरावीक मैलांपुढचा आकार, विमा, तळाचे भाडे आणि गाडी दुसऱ्या शहरात सोडण्याचा दंडासारखा भासणारा वेगळा आकार असतो. साधी मोटार आणि रस्त्याकडेची मोटेल यांचा खर्च अनेकदा याहून कमी होतो. तेव्हा आरव्ही घ्यायची ती पैसे वाचवण्यासाठी घेऊ नये. सकाळी दार उघडल्यावर समोर गवताळ माळ असावा आणि हातात आपल्याच घरचा चहा असावा, यासाठी हे पैसे मोजायचे असतात. मला ते पटते. सर्वांनाच पटेल असे नाही.

गाडी ताब्यात घेताना तिची उंची फूट आणि इंचांत विचारून कागदावर लिहावी आणि चालकासमोर चिकटवावी. सी वर्गाची गाडी अकरा-बारा फूट उंच असते. न्यू यॉर्क परिसरातील ‘पार्कवे’ म्हणवणारे रस्ते आणि बॉस्टनमधील स्टोरो ड्राइव्ह यांवरचे पूल याहून ठेंगणे आहेत, आणि फोनमधला नेहमीचा नकाशा आपण मोटारीत बसला आहात असेच गृहीत धरतो. पूर्वेकडच्या काही बोगद्यांत प्रोपेन गॅसची टाकी असलेल्या वाहनांना मज्जाव असतो, तोही आधी पाहून घ्यावा. आपण न्यू जर्सीहून मोटारीनेच शिकागोला जाणार असाल, तर वाटेत इंडियानातील एल्कहार्ट येथे थांबावे. अमेरिकेतील बहुसंख्य आरव्ही त्या परिसरात तयार होतात आणि जुन्या गाड्यांचे एक संग्रहालयही तेथे आहे.

प्रश्न : विचारायला संकोच वाटतो, पण मैल्याच्या टाकीचे काय? ती कोणी आणि कशी रिकामी करायची?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : संकोच नको, प्रत्येकाच्या मनात पहिला प्रश्न हाच असतो आणि बहुतेक जण तो तिसऱ्या पत्रात विचारतात. गाडीत तीन टाक्या असतात : स्वच्छ पाण्याची, न्हाणी-मोरीच्या सांडपाण्याची, आणि मैल्याची. शेवटच्या दोन टाक्या तळावर किंवा ‘डम्प स्टेशन’ म्हणवणाऱ्या जागी जाड नळीने जमिनीतल्या गटाराला जोडून रिकाम्या कराव्या लागतात. रबरी हातमोजे घालावेत, दोन्ही झडपा बंद असल्याची खात्री करूनच नळीचे टोपण काढावे, आधी मैल्याची टाकी सोडावी आणि मग सांडपाण्याची, म्हणजे त्या पाण्याने नळी धुऊन निघते. मी पहिल्या दिवशी झडप न पाहता टोपण काढले होते. ते बूट मी विस्कॉन्सिनमध्येच सोडून आले; अधिक तपशिलाची गरज नसावी.

तळावर गटाराची जोडणी असली, तरी मैल्याची झडप सतत उघडी ठेवू नये. पाणी वाहून जाते, घट्ट भाग तळाशी साचतो आणि टाकी तुंबते. टाकी दोन तृतीयांश भरू द्यावी आणि मग एकदम सोडावी. कागदही लगेच विरघळणाराच वापरावा.

आपल्या लोकांचा खरा प्रश्न मात्र मैल्याचा नसून पाण्याचा असतो. स्वच्छ पाण्याची टाकी साधारण चाळीस गॅलनची, म्हणजे दीडशे लिटरची असते. सहा जणांनी घरच्यासारखी बादलीभर अंघोळ केली, तर भांडी घासायलाही पाणी उरत नाही, आणि सांडपाण्याची टाकी त्याच वेगाने भरून न्हाणीत उलटे पाणी येते. म्हणून अंघोळी तळावरच्या सार्वजनिक स्नानगृहात कराव्यात. ती बहुधा स्वच्छ असतात. शौचासाठी पाणी वापरायला हरकत नाही. एक लहान तांब्या जवळ ठेवावा. टाकी थोडी लवकर भरेल, एवढेच.

प्रश्न : मी भारतातून मिक्सर आणि छोटी इस्त्री आणणार आहे. गाडीत रोजचा स्वयंपाक करता येईल ना?
— एक वाचिका, सांगली

उत्तर : मिक्सर आणू नये. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची आहे आणि आपला मिक्सर २३० व्होल्टचा. खोबरे वाटण्याऐवजी तो नुसता कण्हत राहील. चटण्या, गोडा मसाला आणि भाजणी घरून न्यावी आणि उरलेला किराणा शिकागोच्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर, म्हणजे भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, भरावा, कारण त्यानंतर कढीपत्त्याची भेट थेट सिअ‍ॅटलला होईल असेच समजून चालावे. कुकर प्रोपेनच्या शेगडीवर उत्तम चालतो. फोडणी घालताना खिडकी आणि छताचा पंखा उघडा ठेवावा, नाहीतर मोहरी तडतडण्याआधी धुराचा भोंगा वाजेल. मी तर नंतर शेगडी बाहेरच्या टेबलावर मांडू लागले; शेजारच्या तळावरून दोन कुटुंबे वासाने चौकशीला आली आणि त्यांनी पोहे खाल्ले.

विजेचाही अंदाज हवा. लहान गाड्यांना तळावर तीस अँपिअरची जोडणी असते, म्हणजे एकूण ३,६०० वॅट. वातानुकूलन चालू असताना मायक्रोवेव्ह आणि पाण्याची विजेची किटली एकत्र लावली की खटका पडतो. इस्त्री तर घरीच राहू द्यावी.

प्रश्न : दक्षिण डकोटा आणि वायोमिंगमध्ये पाहण्यासारखे काही नाही, तो भाग रात्री चालवून संपवावा, असे माझे सहकारी म्हणतात. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांनी तो भाग रात्रीच पाहिला असावा. माझ्या मते साऱ्या वाटेवरचा हाच सर्वांत भरगच्च टप्पा आहे. मिचेल या गावी मक्याचा महाल आहे : १८९२ साली सुरू झालेली ही परंपरा, ज्यात इमारतीच्या भिंती निरनिराळ्या रंगांच्या कणसांच्या चित्रांनी सजवतात आणि चित्रे पुन्हा नव्याने करतात. हे थोडे बालिश आहे, हे मान्य. पण आपल्या पिकाचा एवढा अभिमान भिंतीवर ठोकलेला पाहून शेतकरी घरातला माणूस हसत हसतच थांबतो. पुढे चेंबरलेन येथे मिझुरी नदी ओलांडण्याआधीच्या विश्रांतिस्थळावर २०१६ साली उभारलेला, नक्षत्राची गोधडी पाठीवर पसरलेल्या मूळनिवासी स्त्रीचा पन्नास फुटी पोलादी पुतळा आहे. तेथे डबा खावा. नदीच्या या तीरावर शेते आहेत. पलीकडे जसजसे जाल तसतशी माळराने आणि गुरांची कुरणे लागतात.

मग शेकडो मैल आधीपासून रस्त्याकडेला लाकडी फलक दिसू लागतात : वॉल ड्रग, थंड पाणी फुकट. वॉल हे बॅडलँड्सच्या कडेचे छोटे गाव. तेथले औषधांचे दुकान टेड हस्टेड यांनी १९३१ साली घेतले, ऐन मंदीत, आणि पाच वर्षे गिऱ्हाईक फिरकेना. १९३६ च्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी सुचवले की, तापलेल्या रस्त्यावरून जाणाऱ्यांना बर्फाचे पाणी फुकट द्यावे आणि तसे फलक लावावेत. पहिला फलक लावून परत येईपर्यंत दुकानात माणसे आलेली होती. चैत्रात पाणपोई घालणाऱ्या मुलखातून आलेल्या आपल्याला यात नवल वाटू नये. नवल एवढेच की या पाणपोईने आज अख्खे गाव पोसले आहे. दुकान आता अवाढव्य आणि भडक झाले आहे, तरी पाणी अजून फुकट आहे.

बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानात दोन रात्री काढाव्यात. पट्ट्यापट्ट्यांचे मातीचे कडे दुपारच्या उन्हात फिके दिसतात आणि संध्याकाळी शेवटच्या अर्ध्या तासात तांबूस होतात. तो अर्धा तास महामार्गावरून जाणाऱ्याला मिळत नाही. त्यापुढे ब्लॅक हिल्समध्ये माउंट रशमोर आहे, १९२७ ते १९४१ या काळात खोदलेली चार अध्यक्षांची साठ-साठ फुटी मुखे. ती अवश्य पाहावीत, पण हेही ठाऊक असावे की, १८६८ च्या तहाने हे डोंगर लाकोटा या मूळनिवासी लोकांना दिले होते, सोने सापडल्यावर ते काढून घेतले गेले, १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मंजूर केली आणि लाकोटांनी ते पैसे आजतागायत घेतलेले नाहीत, कारण त्यांना डोंगरच परत हवे आहेत. ही माहिती घेऊन गेल्यावर त्या चेहऱ्यांकडे मला पूर्वीसारखे पाहता आले नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला मात्र या भागात जाऊ नये. जवळच्या स्टर्जिस गावी मोटारसायकलस्वारांचा प्रचंड मेळा भरतो आणि आसपासचा एकही तळ मोकळा सापडत नाही.

वायोमिंगमध्ये शिरल्यावर डेव्हिल्स टॉवर हा पायथ्यापासून ८६७ फूट उंचीचा एकटा कडा आहे, ज्याला १९०६ साली अमेरिकेतील पहिले राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित करण्यात आले. तेथून बिगहॉर्न पर्वत ओलांडताना चौदा-ए या रस्त्याचा मोह टाळावा. त्याचे उतार अतिशय तीव्र आहेत. टेन स्लीपमार्गे जाणारा सोळा क्रमांकाचा रस्ता आरव्हीला सोयीचा पडतो. उतारावर खालचा गिअर टाकावा आणि ब्रेकवर पाय दाबून ठेवू नये. घाटात वाढलेल्या माणसाला हे सांगावे लागू नये, परंतु स्वयंचलित गिअरची सवय झाली की घाट विसरतो.

यलोस्टोनविषयी येथे थोडकेच लिहिते, कारण त्याची माहिती सर्वत्र मिळते. १८७२ साली स्थापन झालेले हे पहिले राष्ट्रीय उद्यान बहुतांशी साडेसात हजार फुटांहून उंच आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही सुमारे सहाशे मीटर वर. जुलैतही रात्री स्वेटर लागतो आणि पहिल्या दिवशी ज्येष्ठांनी चढ टाळावा. गव्यासारख्या बायसनपासून पंचवीस यार्ड आणि अस्वल-लांडग्यांपासून शंभर यार्ड दूर राहण्याचा नियम आहे. खरकटे, तेलाची बाटली, अगदी टूथपेस्टही रात्री बाहेर ठेवू नये.

प्रश्न : तळ आधी राखून ठेवावेत की वाटेत मिळतील? रात्री रस्त्याकडेला गाडी लावून झोपले तर चालते का? आणि माझ्या भारतीय परवान्यावर मला चालवता येईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : राष्ट्रीय उद्यानांतले बरेच तळ सहा महिने आधी राखण्यासाठी खुले होतात आणि जून-जुलैच्या तारखा पाहता पाहता जातात, ते मिळाले की उरलेला प्रवास त्यांच्याभोवती बसवावा. मधल्या रात्रींसाठी खासगी तळ दोन-तीन दिवस आधीही मिळतात. महामार्गावरच्या विश्रांतिस्थळी रात्र काढण्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. वॉलमार्टच्या वाहनतळावर पुष्कळ जण झोपतात, परंतु दुकानाच्या व्यवस्थापकाला विचारूनच. पश्चिमेकडच्या सरकारी मोकळ्या जमिनींवर साधारणपणे चौदा दिवसांपर्यंत फुकट राहता येते. तेथे पाणी, वीज, गटार यांपैकी काहीही नसते, म्हणून पहिल्याच प्रवासात एखादीच रात्र काढून पाहावी.

परवाना इंग्रजीत असेल, तर तो अनेक राज्यांत चालतो. सोबत आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून घ्यावा आणि गाडी देणाऱ्या कंपनीची अट लेखी विचारावी. २०२६ पासून राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास अमेरिकेच्या रहिवाशांना ८० डॉलरला आणि बाहेरच्या पाहुण्यांना २५० डॉलरला मिळतो, हेही बजेटमध्ये धरावे.

प्रश्न : यलोस्टोननंतर सिअ‍ॅटलपर्यंत कोठे थांबावे? ग्लेशियर उद्यान जमेल का?
— एक वाचिका, शॉमबर्ग, इलिनॉय

उत्तर : ग्लेशियरला जाता येईल, पण त्याचा प्रसिद्ध ‘गोइंग-टू-द-सन’ रस्ता आरव्हीने ओलांडता येणार नाही, त्याच्या मधल्या भागात एकवीस फुटांहून लांब वाहनांना बंदी आहे. दिवसभरासाठी लहान मोटार भाड्याने घेण्याची तयारी असेल, तरच ही वाकडी वाट करावी. नसेल, तर सरळ आयडाहोतील वॉलेस गावी उतरावे. चांदीच्या खाणींचे हे गाव पाडून त्यावरून महामार्ग नेण्याचा घाट घातला होता, तेव्हा गावकऱ्यांनी आपल्या जुन्या इमारती ऐतिहासिक वारशाच्या यादीत नोंदवून घेतल्या. महामार्गाला १९९१ साली गावाच्या बाजूने, खांबांवरून जावे लागले. तोपर्यंत साऱ्या नव्वद क्रमांकावरचा शेवटचा सिग्नल याच गावात होता.

शेवटच्या दिवसाचे मात्र वेगळे सांगते. गाडी परत करण्याआधी दोन्ही टाक्या रिकाम्या करणे, इंधन आणि प्रोपेन घेतले तेवढे भरणे आणि आतली सफाई, यांत सहज तीन तास जातात, म्हणून आदली रात्र सिअ‍ॅटलच्या अलीकडे एखाद्या गटाराची जोडणी असलेल्या तळावर काढावी. बिछान्यांखालचे कप्पे आपण स्वतः तपासावेत. माझ्या नातीची बॅडलँड्समधून वेचलेली गारगोटी म्हणून आणलेली वस्तू तेथेच सापडली. उद्यानातून दगड नेण्यास मनाई असल्याने मी धास्तावले होते, परंतु पाहिले तर तो माझाच वाळून टणक झालेला बेसनाचा लाडू होता.